गोव्यात प्रौढ निरक्षरता दूर करण्यासाठी गावाने मिळून काय करावे?

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची साक्षरता ८८.७० टक्के होती, पुरुषांची ९२.६५, तर स्त्रियांची ८४.६६ टक्के. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठीच्या केंद्र सरकारच्या ‘उल्लास’ कार्यक्रमांतर्गत ३० मे २०२५ रोजी गोवा पूर्ण साक्षर घोषित झाला. मात्र त्या निकषात ९५ टक्के साक्षरता हीच पूर्ण साक्षरता मानली जाते, त्यामुळे उरलेल्या माणसांची जबाबदारी गावावरच येते.

माझ्या मते सर्वांत मोठा अडथळा पैशाचा नसून संकोचाचा आहे. साठीच्या आजी शाळेच्या बाकावर बसायला लाजतात, पण त्याच आजी वाड्यावरच्या देवळात भजनाला नेमाने जातात. म्हणून पंचायतीने ग्रामसभेत वाड्यावाड्यांतील निरक्षरांची यादी करावी, देवस्थान समितीने किंवा चर्चने सभागृह द्यावे, आणि स्वयंसहाय्य गटातील शिकलेल्या महिलांनी वा महाविद्यालयीन मुलांनी संध्याकाळचा वर्ग चालवावा. काजूच्या हंगामात वर्गाची वेळ बदलावी लागेल, हे सत्तरी-काणकोण तालुक्यांत विसरून चालणार नाही. बांधकामावरील परप्रांतीय मजुरांना, विशेषतः कन्नडभाषक स्त्रियांना, त्यांच्या भाषेतून सुरुवात करून देणे न्याय्य आहे.

शिकवताना मुळाक्षरांइतकेच वीजबिल, बँकेची पैसे काढण्याची पावती, औषधाच्या वेष्टनावरील मुदत आणि कदंब या सरकारी बसची पाटी यांचे वाचन घ्यावे. सराव तुटला की अक्षरे विसरली जातात, त्यामुळे साक्षरतेच्या परीक्षेनंतरही गावच्या वाचनालयाने मोठ्या टायपातील सोपी पुस्तके या वाचकांपर्यंत पोहोचवत राहावीत.