गोठ्याच्या धुळीने मुलाचा दमा जाईल का?

तुम्ही विचारलंय की मुलगा सहा वर्षांचा आहे, दमा आहे, आणि गोठ्याच्या धुळीने ‘ए२०’ नावाचं एन्झाइम वाढून दमा थांबतो असं वाचनात आलं. तर उन्हाळ्यात त्याला मोहोळला मामाच्या गोठ्यात ठेवावं का. मी डॉक्टर नाही, जीवरसायनशास्त्र शिकवते. मामाकडे जाऊ द्या, पण गोठा म्हणजे औषध समजू नका. दम्याचा पंप तर अजिबात बंद करू नका.

वाचलेलं खोटं नाही, अर्धवट आहे. २०१५ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी उंदरांना दोन आठवडे एक दिवसाआड एंडोटॉक्सिन थोडं थोडं दिलं. हा जिवाणूंच्या आवरणातला घटक, शेणामातीत भरपूर असतो. नंतर घरच्या धुळीतल्या माइट किड्यांचा मारा केला, तरी त्यांना दमा झाला नाही. श्वासनळीच्या अस्तरातलं ए२० काढून टाकलेल्या उंदरांना मात्र झाला.

माइटचा कण अस्तराला लागला की पेशीच्या आत प्रथिनांमार्फत निरोप जातो. त्या प्रथिनांना युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाच्या साखळ्या जोडल्या गेल्या की निरोप पुढे सरकतो. ए२० त्या साखळ्यांत फेरफार करून निरोप दाबतं, मग सूज चढत नाही. मला यातलं विलक्षण वाटतं ते हे, की ए२० बनवायचा हुकूमही त्याच निरोपातून निघतो. रोज थोडी धूळ लागत गेली तर लगाम आधीच तयार.

पण आधीच. उंदरांना तो डोस ॲलर्जी जडण्यापूर्वी मिळाला होता. माणसांतही गोठ्याचा फायदा ठळक दिसतो तो तान्हेपणापासून, आईच्या पोटात असल्यापासून तिथे वाढलेल्या मुलांत. तुमच्या मुलाला दमा जडलेला आहे.

शिवाय प्रमाण. माझे आजोबा सोलापुरातल्या एका सूतगिरणीत होते. कापसाच्या धुळीतही हेच एंडोटॉक्सिन, आणि तिथे ते फार. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला त्यांची छाती आवळायची. घरी येऊन उंबऱ्यावर वाकून बसायचे, आजी पाठ चोळायची. तो आजार वेगळा, बिसिनोसिस, पण ‘धूळ चांगली असते’ असं कुणी म्हटलं की मला ते बसणं आठवतं.

घराखाली यंत्रमाग चालतात असं तुम्ही लिहिलंय. त्याचं अंथरूण तिथून लांबच्या खोलीत न्या, चादर-अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा. मोहोळला पाठवताना पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) मामीच्या हातात द्या, कसा द्यायचा ते तिच्यासमोर एकदा करून दाखवा, आणि कडबाकुट्टी चालू असेल तेव्हा पोराला तिथे फिरकू देऊ नका म्हणावं.