वापरून टाकायचे लाकडी चमचे आणि सुपारीच्या पानाच्या प्लेट्स धुवून परत वापरल्या तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या वाढदिवसाचे साठ-सत्तर लाकडी चमचे आणि सुपारीच्या पानाच्या प्लेट्स धुवून ठेवल्यात, फेकवत नाहीत, परत वापरल्या तर काही होईल का. माझं उत्तर असं की चमचा घरच्या घरी कोरड्या खाण्याला, म्हणजे चिवडा, पोहे, केक, एखाद-दोन वेळा चालून जाईल, प्लेट मात्र नको. पाहुण्यांना तर दोन्ही नको.

आमच्याकडे हे सगळं करून झालंय. मे महिन्यात वास्तुशांत होती, आमरस-पुरी-आमटी असा बेत, आणि प्लॅस्टिकचे चमचे 1 जुलै 2022 पासून देशभर बंद झाल्यामुळे दुकानदाराने लाकडीच दिले. आईने सगळे वापरलेले चमचे गोळा केले, साबणाने घासले, गच्चीत दोन दिवस कडक उन्हात वाळवले आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवून दिले. गणपतीत डबा उघडला तर आधी वास आला, ओल्या गोणपाटासारखा. चमचे बाहेर काढले तर कडेला आमरसाचा केशरी पट्टा, मध्ये हळदीचा डाग, आणि खोलगट भागात मिरीएवढे काळे-हिरवट ठिपके. अंगठा फिरवला तर कड खरखरीत, बारीक कुसळं उठलेली, एक तर बोटात घुसलंच. आई म्हणे घासून टाकू, पण बुरशी घासून जाते ती वरची, तिचे धागे लाकडात आत गेलेले असतात. टाकून दिले सगळे.

होतं काय, हे चमचे बहुतेक बर्च नावाच्या झाडाचे असतात. ओंडका वाफवून मऊ करायचा, त्याचे पातळ पत्रे सोलायचे, चमच्याच्या आकारात कापायचे आणि गरम साच्यात दाबायचे. वर पॉलिश नाही, तेल नाही, जाडी जेमतेम दीड-दोन मिलीमीटर. लाकूड म्हणजे मुळात झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्याच, त्यामुळे पाणी आत जातं आणि पाण्याबरोबर आमटी, तेल, साखर, साबण सगळंच जातं. वरून हाताला कोरडं लागलं तरी आत ओल राहू शकते, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात तर कोरडा चमचासुद्धा हवेतली ओल ओढून घेतो. ज्या गुणामुळे तो खतात कुजतो त्याच गुणामुळे तो डब्यातही कुजायला लागतो, त्यात त्याची काही चूक नाही.

मग लगेच कोणीतरी म्हणणार, आजीचा लाकडी डाव आणि रवी वर्षानुवर्षं चालते ती कशी? अहो ते सागवान-शिसवासारखं घट्ट लाकूड, जाड, घासून गुळगुळीत केलेलं, वापरून वापरून तेल प्यालेलं, आणि रोज धुवून उघड्यावर सुकतं, डब्यात बंद होत नाही. अमेरिकेत डीन क्लिव्हर नावाच्या अन्नसुरक्षेच्या शास्त्रज्ञांनी लाकडी चॉपिंग बोर्डवर प्रयोग केले होते आणि बॅक्टेरिया लाकडात शोषले जाऊन बरेचसे आतच मरतात असं त्यांना दिसलं होतं, पण ते जाड पाट होते. त्यावरून आईस्क्रीमच्या चमच्याचा निष्कर्ष काढू नका.

उकळून घेतले तर? केलंय तेही. दहा मिनिटांत चमचा पापडासारखा वाकडा झाला आणि कुसळं आणखीन उठली. लहान मुलाच्या जिभेला टोचलं की संपलंच.

आता प्लेट्स. माझं आजोळ श्रीवर्धनकडचं, तिथे पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या, झावळीच्या बुंध्याशी असलेल्या त्या रुंद सालीला विरी म्हणतात, लहानपणी आम्ही तिच्यावर बसून एकमेकांना अंगणभर ओढायचो. गळून पडलेली विरी धुवायची आणि गरम साच्यात दाबायची की झाली प्लेट, चांगल्या मालात गोंद नाही, कोटिंग नाही. दिसायला झकास, पण तिच्या रेषांच्या खाचांत खरकटं अडकतं आणि रसभाजी वाढली की थोड्या वेळाने प्लेट मागून काळपट ओली होते. अजून एक, मे 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, या प्लेट्सवर हरकत घेतली, सुपारीतली अरेकोलिनसारखी द्रव्यं त्यातून अन्नात उतरू शकतात म्हणून. एका जेवणाने घाबरून जावं असं मला वाटत नाही, मी स्वतः कार्यात जेवतो त्यात. पण तीच प्लेट भिजवून, घासून, परत त्यात गरम आमटी ओतायची हे मी नाही करणार. तशीही आपल्याकडे पत्रावळ कोणी धुतली होती का कधी, जेवण झालं की दुमडून उकिरड्यावर.

तरी चमचे ठेवायचेच असतील तर निवडून ठेवा. केक-चिवड्याचे ठेवा, दही, आमरस, तेलकट भाजीचे काढून टाका. लगेच धुवायचे, पाण्यात भिजत ठेवायचे नाहीत, पेल्यात उभे करून वारा लागेल असे सुकवायचे, आणि ज्याचा चमचा त्यानेच वापरायचा. डाग, वास, कुसळ, चीर यातलं काहीही दिसलं की बाद. बाकीचे मोडून कुंडीत घाला, अख्खे टाकलेत तर महिनोन् महिने तसेच दिसत राहतात. प्लेट्स कुंडीखाली किंवा दिवाळीत रांगोळीचे रंग काढायला बऱ्या पडतात.

आईने या वर्षी न वापरलेल्या चमच्यांवर मार्करने मिरची, वांगी, टोमॅटो लिहून रोपांजवळ खोचलेत. वांग्याचा चमचा टोमॅटोत गेलाय, पण ते तिला कोणी सांगायचं.