बुद्धिबळात त्याच त्याच चुका पुन्हा होतात; स्वतःच्या डावांतून शिकायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोज ऑनलाइन रॅपिड खेळता, रेटिंग १२०० च्या आगेमागे अडकलंय, प्रत्येक डावानंतर इंजिन (चाली तपासणारा प्रोग्राम) लावून लाल खुणा बघता, आणि पुढच्या डावात पुन्हा तेच. मग चुकांतून शिकायचं म्हणजे नेमकं काय करायचं, आणि क्लास लावावा का?

आधी मी कोण ते सांगतो. इंदूरला रामबागेकडे रविवारी सकाळी आमची काही मंडळी पट मांडून बसतात. शाळकरी पोरं असतात, पेन्शनर असतात, मधल्या वयाचे माझ्यासारखे एक-दोन. डाव, मग त्यावर वाद, मग पोहे-जिलेबी, असा क्रम; कधी कधी पोहे आधी येतात आणि वाद जिरावणाच्या, म्हणजे पोह्यांवरच्या मसाल्याच्या, चवीवर घसरतो. पोरांचे डाव तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी टायटलवाला खेळाडू नव्हे, पण साध्या खेळाडूंच्या साध्या चुका भरपूर पाहिल्यात, त्या जोरावर लिहितो.

तुमची गडबड बहुधा अशी आहे की तुम्ही इंजिन फार लवकर उघडता. डाव हरला की बोट आपोआप त्या बटणावर जातं. इंजिन क्षणात सांगतं, २३ वी चाल ब्लंडर, म्हणजे घोडचूक, हत्ती डी१ ला (डी पट्टीच्या पहिल्या घरात) हवा होता. तुम्ही म्हणता, ‘अरे हो की!’ आणि नवा डाव सुरू. पण तुम्ही हत्ती तिथे का नेला नाहीत हे इंजिनला ठाऊक नसतं, आणि उत्तर आयतं मिळाल्यामुळे तुम्हीही तो विचार केव्हाच विसरलेले असता. ती पोझिशन जशीच्या तशी पुन्हा तुमच्या वाट्याला यायची नाही. पुन्हा येणार आहे ती तुमची त्या वेळची विचार करायची तऱ्हा. ती पकडायची तर आठवतेय तोवर कुठेतरी लिहून ठेवली पाहिजे.

एक डाव दाखवतो. आमच्याकडच्या आठवीतल्या एका मुलाचा आहे, तो पांढरा. पांढऱ्याचं प्यादं ई४ ला, काळ्याचं ई५ ला. घोडे एफ३ आणि सी६ वर आले, पांढरा उंट सी४ ला बसला. आता काळ्याने सी६ चा घोडा उचलून थेट डी४ वर ठेवला. ई५ चं प्यादं बिनजोर झालं. मुलाने घोड्याने ते मारलं. काळ्याचा वजीर जी५ वर आला. मुलगा खुलला, कारण आता घोडा एफ७ वर मारला की वजीर आणि एच८ चा हत्ती दोन्ही एकाच वेळी माऱ्यात. मारला. काळ्या वजिराने जी२ चं प्यादं खाल्लं, हत्तीवर डोळा ठेवला. हत्ती एफ१ ला सरकला. वजिराने ई४ वर प्यादं मारून शह दिला, उंट ई२ ला मध्ये आला, आणि काळ्याचा घोडा एफ३ वर बसला. मात. ई२ चा उंट वजिरामुळे जागचा हलू शकत नाही, राजाला एकही घर नाही. सात चालींत खेळ खलास. हा सापळा जुना आहे, मोबाइलवर खेळणाऱ्या पोरांना तो हमखास भेटतो.

इंजिन लावलंत तर ते चौथ्या चालीवर थोडं कुरकुरेल आणि पाचव्या चालीवर, म्हणजे घोडा एफ७ ला गेला तिथे, जोरात ओरडेल. बरोबरच आहे. पण मी मुलाला विचारलं, चौथ्या चालीला मनात काय होतं? म्हणाला, ‘प्यादं फुकट होतं.’ आणि पाचव्या? ‘वजीर-हत्ती दोन्ही मिळत होते.’ ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हींत समोरचा माणूसच नाही! त्याने घोडा डी४ वर का आणला, वजीर जी५ वर आल्यावर आणखी कशावर नजर पडली, काही नाही. हा सापळा पाठ केला तर मुलगा या सापळ्यात पुन्हा पडणार नाही. दुसऱ्या कुठल्या तरी पडेल. ‘त्याच्या शेवटच्या चालीने काय बदललं?’ हा प्रश्न अंगवळणी पडला तर बऱ्याच सापळ्यांतून वाचेल.

हे फक्त पोरांचं असतं असं समजू नका. १९५६ साली ॲमस्टरडॅमच्या कँडिडेट्स स्पर्धेत (जगज्जेत्याचा आव्हानवीर हिच्यातून ठरतो) पेट्रोशियनने ब्रॉन्स्टीनला पार जखडून टाकलं होतं. ब्रॉन्स्टीनला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, तो नुसता घोडा इकडून तिकडे नाचवत होता. नाचवता नाचवता तो घोडा एफ५ वर आला आणि डी६ चा पांढरा वजीर माऱ्यात सापडला. पेट्रोशियन आपल्याच बेतात होता. त्याने घोडा जी५ वर खेळला, वजीर गेला, त्याने डाव सोडला. हाच माणूस पुढे १९६३ मध्ये जगज्जेता झाला. समोरच्याच्या चाली निरर्थक वाटायला लागल्या की त्या बघणंच बंद होतं, तेव्हा तुमच्या डावांत ‘तो काय, काहीही खेळतोय’ असं जिथे वाटलं होतं तिथे खूण करा.

तर कृती अशी. डाव संपला की इंजिन न लावता पहिल्यापासून चाली पुढे न्या. जिथे थबकला होता, जिथे घाबरला होता, जिथे ‘आता जिंकलोच’ वाटलं होतं, तेवढ्या जागी वहीत एकेक वाक्य लिहा. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, आम्ही इंदूरवाले बोलतो तशा खिचडीत लिहा, फक्त खरं लिहा. ‘कॅल्क्युलेशन कमी पडलं’ हे वाक्य चालणार नाही, ते शाळेच्या प्रगतिपुस्तकातलं आहे. ‘तो हत्तीच हलवेल असं धरून चाललो’, ‘चाळीस सेकंद राहिले म्हणून सुचली ती पहिली चाल खेळलो’, ‘वजिरा-वजिरी झाली की सुटलो असं वाटलं’, ही कामाची वाक्यं. मग तुमच्या मते चूक कुठे झाली आणि त्या जागी काय खेळायला हवं होतं, तेही लिहून टाका. हे सगळं झालं की मग इंजिन.

इंजिन लावल्यावरही त्याच्या लाल खुणा वेदवाक्य मानू नका. लिचेससारख्या साइटवर त्या खुणा जिंकण्याची शक्यता किती घसरली यावरून ठरतात. इंजिनच्या हिशेबात तुम्ही नऊ गुणांनी पुढे असताना ढिलाई करून सातवर आलात तर खूण उमटेलच असं नाही, कारण जिंकणं अजून पक्कंच धरलं जातं. पण पुढे असताना ढिलं पडणं हाच तुमचा रोग असेल तर? तो दिसायचाच नाही. उलट अकराव्या चालीला ‘अचूक नाही’ असा शेरा येईल, त्याचं कारण पंधरा चाली खोल कुठेतरी असेल, आणि १२०० च्या पातळीवर त्याने कुणाचं काही बिघडत नाही. तो सोडून द्या. लिचेसवर आणखी एक सोय आहे: चुकलेली पोझिशन समोर ठेवून ते तुम्हालाच चांगली चाल शोधायला लावतं, उत्तर लगेच दाखवत नाही. ती वापरा, फुकट आहे.

वहीचा खरा उपयोग कळायला जरा वेळ जातो. आमच्यातले एक काका बँकेतून निवृत्त झाल्यावर पुन्हा पटाकडे वळले. लहानपणी वडिलांकडून शिकलेला खेळ देशी नियमांचा: प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला कडेला नेणं) नाही, पण शह बसलेला नसेल तोवर राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी. जुन्या घरांतून असंच खेळत, गावागणिक थोडाफार फरक. आताचे नियम काकांना तोंडपाठ आहेत. तरी हरायचे, आणि दर वेळी इंजिन वेगळंच कारण दाखवायचं: आज ई-पट्टी उघडली, उद्या उंट लांब गेला, परवा एफ७ उघडं राहिलं. वही ठेवायला ते तयार नव्हते (‘आता या वयात गृहपाठ?’), पण ठेवली. बरीच पानं भरल्यावर आम्ही ती सलग वाचली तर राजाबद्दल एकच सूर सापडला. ‘राजा मध्ये बरा वाटला.’ ‘कॅसलिंग नंतर बघू.’ ‘राजाला वाट आहे.’ कुठली वाट? ती लहानपणची उडी अजून डोक्यात होती! नियम बदलले, भरवसा बदलला नव्हता. काकांनी स्वतःलाच अट घातली की दहाव्या चालीपर्यंत कॅसलिंग, नाहीतर न केल्याचं कारण डाव संपल्यावर लिहायचं. आता ते वेगळ्या कारणांनी हरतात. याला मी प्रगती म्हणतो, ते म्हणत नाहीत.

तुमच्या वहीत दुसरं एक वाक्य येणार हे मी आत्ताच सांगतो: ‘अदलाबदल केली की सोपं होईल.’ होतं सोपं, पण कुणाला? १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्याचा १४ वा, शेवटचा डाव तुम्ही पाहिला असेल. गुकेशकडे एक प्यादं जास्त, पण दोघांकडे हत्ती आणि उंट, आणि डाव बरोबरीच्या वाटेवर. ५५ व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली. त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. हत्ती गेले, गुकेशने आपला उंट डी५ वर आणला, उंटही बदलावे लागले, आणि उरली नुसत्या राजा-प्याद्यांची एंडगेम, ती डिंगला हरलेली. जगज्जेतेपद ७.५–६.५ ने गेलं. आमच्या पोरांना मी तेव्हापासून एकच सांगतो: शेवटची मोहरी बदलण्याआधी ती पटावर नाहीतच असं समजून बघा. फक्त राजे आणि प्यादी उरली तर कोण जिंकतं? उत्तर देता येत नसेल तर अदलाबदल थांबवा.

आता जे फार कमी लोक करतात ते. जिंकलेले डावही तपासा, किंबहुना तिथूनच सुरू करा. सोची, २०१४, कार्लसन-आनंद जगज्जेतेपदाच्या सामन्याचा सहावा डाव. २६ व्या चालीला कार्लसनने राजा डी२ वर नेला. आनंदने घोड्याने ई५ चं प्यादं मारलं असतं तर पुढे जी८ चा हत्ती गेला तरी तोच घोडा सी४ चं प्यादं शह देऊन खात होता आणि हत्ती नंतर वसूल होत होता. आनंदने ए-पट्टीतलं प्यादं पुढे सरकवलं. संधी गेली, कार्लसन तो डाव जिंकला आणि सामन्यात ३.५–२.५ ने पुढे गेला. निव्वळ निकाल बघून डाव निवडले तर असली चूक तपासणीला कधी येणारच नाही. १२०० च्या पातळीवर समोरचा तुम्हाला डावात चार वेळा माफ करतो, ती माफी तुम्ही ‘चांगला खेळलो’ म्हणून खपवता. शिवाय जिंकलेला डाव बघताना मन शांत असतं, विचार खरे आठवतात. हरल्यावर आपण वकिली करत असतो.

ब्लिट्झ आणि बुलेटमध्ये हे काही चालायचं नाही. तीन मिनिटांच्या डावात विचारच एवढा पुसट असतो की लिहायला काही हाती लागत नाही. मजेसाठी खेळा, पण वहीसाठीचे डाव निदान १५ मिनिटं अधिक चालीमागे १० सेकंद असे ठेवा. रोज दहा डाव खेळत असाल तर ते दोनावर आणा. पूर्वी प्रशिक्षक सांगत की चाल आधी कागदावर लिहा, एक श्वास घ्या, मग खेळा. स्पर्धेत आता ते करता येत नाही, चाल खेळण्याआधी लिहायला फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांत मनाई आहे. घरी ऑनलाइन खेळताना मात्र तुम्हाला कोण अडवतंय?

रेटिंगकडे महिनाभर बघू नका. ते कधी कधी आपोआपही हलतं: मार्च २०२४ मध्ये फिडेने २००० च्या खालच्या सगळ्यांची रेटिंग एका सूत्राने वर नेली आणि तळ १४०० केला. आमच्याकडे एका रात्रीत वधारलेले खेळाडू पेढे वाटत फिरत होते.

राहिला क्लास. लावायला हरकत नाही, पण आधी वहीची काही पानं भरा आणि ती घेऊन जा. जुना जगज्जेता बोटविनिक तर स्वतःच्या डावांचं विश्लेषण छापून टाका म्हणायचा, म्हणजे लोक त्यातल्या चुका काढतील. तुमच्यासाठी ते काम एक बरा शिक्षक करेल, किंवा तुमच्यापेक्षा दोनशे रेटिंगने पुढचा एखादा मित्रही. पानं वाचून जो ‘इथे तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटली?’ असं विचारेल त्याच्याकडे टिकून राहा. तुमचा एकही डाव न बघता पहिल्याच दिवशी सिसिलियनची (डाव सुरू करायच्या एका ठरावीक पद्धतीची) फाइल हातात देणारा भेटला तर दुसरा शोधा.