सासऱ्यांशी खोटं कोणी बोलायचं?

ताई, मी नोकरी करतो. पगारात भागत नाही म्हणून सहा महिन्यांपासून आठवड्यातून चार संध्याकाळी अ‍ॅपवर टॅक्सी चालवतो. कष्टाचे पैसे आहेत, कोणाला लुबाडलेलं नाही. पण बायकोला माझ्या कामाची लाज वाटते. घरात अबोला असतो. बाबांचा फोन आला की 'तो मीटिंगमध्ये आहे' एवढं सांगायचं, तेही तिच्या जिवावर येतं. (गाडी बाबांची आहे, त्यांना हे माहीत नाही.) 'मला यात ओढू नकोस' म्हणते. कुठलंही काम हलकं नसतं, हे तिच्या गळी कसं उतरवू?

— एक त्रासलेला नवरा

तुमच्या पत्रात कंसात टाकलेलं एक वाक्य आहे. मी उत्तर त्यालाच देणार आहे.

बायकोला तुमच्या कामाची लाज वाटते, असं तुम्ही लिहिता. ती तसं म्हणाली का कधी? तिचं एकच वाक्य तुम्ही दिलंय: मला यात ओढू नकोस. त्यात टॅक्सी कुठे आली? संध्याकाळी फोन वाजतो. सासरे विचारतात, 'आला का गं तो?' आणि ही गॅस बारीक करून, आवाज जराही हलू न देता सांगते की मीटिंग लांबली. ते तिथेच थांबत नसणार. एवढं काय काम असतं त्याला, जेवण वेळेवर होतं ना, तब्येत बरी आहे ना? त्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर हिनेच जुळवायचं, आणि काल काय सांगितलं होतं तेही लक्षात ठेवायचं. तुम्ही तेव्हा गाडीत असता, तुमच्या कानावर यातलं काही येत नाही. उद्या सगळं उघडं पडलं की 'सूनबाई आपल्याशी खोटं बोलत होती' हेच त्यांच्या मनात राहणार.

लाज तुम्हाला वाटते आहे. वाटत नसती तर वडिलांना पहिल्याच दिवशी सांगून मोकळे झाला असतात. कुठलंही काम हलकं नसतं हे अगदी खरं आहे, पण ते बायकोला ऐकवण्याआधी वडिलांना ऐकवायला हवं होतं.

आता गाडीचं. इथे मला तुमचा खरोखर राग आला आहे. अ‍ॅपवर नाव नोंदवताना गाडीचे कागद द्यावे लागतात. म्हणजे वडिलांच्या नावाचे नोंदणीचे आणि विम्याचे कागद तुम्ही फोटो काढून पाठवलेत आणि त्यांना विचारलंही नाहीत. तो विमा त्यांनी घरच्या वापरासाठी काढलेला असणार. भाडं घेऊन प्रवासी नेले तर नुकसान भरून मिळणार नाही, असं कलम अशा पॉलिसीत सहसा असतंच. समजा धडक झाली आणि मागच्या सीटवरच्या बाईंचा हात मोडला. चौकशीत अ‍ॅपवरची फेरी दिसली की दावा नाकारायला विमा कंपनीला दुसरं कारण लागत नाही. टॅक्सी अ‍ॅपवाल्यांचा विमा असतो की, असं तुम्ही म्हणाल. असेलही. पण अनेक ठिकाणी तो टप्प्याटप्प्याने लागू होतो. प्रवासी बसलेला असताना पूर्ण, आणि नुसतं अ‍ॅप चालू ठेवून फेरीची वाट बघत असताना फार थोडा किंवा अजिबात नाही. कित्येक ठिकाणी तर घरगुती नोंदणीची गाडी भाड्याने चालवताच येत नाही, परवाना आणि नोंदणी वेगळी लागते. यातलं काहीच तुमच्या पत्रात नाही, म्हणजे तुम्ही ते पाहिलेलं नाही असं मी धरून चालते. कागदावर मालक वडील आहेत. काही झालं तर नोटीस त्यांना जाणार, आणि मुलगा रोज मीटिंगमध्ये असतो एवढंच माहीत असलेल्या त्या माणसाला ती कशाबद्दल आहे हेसुद्धा कळणार नाही.

शिवाय हे लपणारंही नाही. एका संध्याकाळचे 80 किलोमीटर धरले तरी चार दिवसांचे 320 होतात, वर्षाचे 16,000 च्या वर. पुढच्या सर्व्हिसिंगच्या बिलावर आकडा छापून येईल. तुम्ही पेट्रोल आणि अ‍ॅपचं कमिशन वजा करून उरलेल्याला कमाई म्हणत असाल. टायर, ब्रेक, क्लच यांची झीज त्यात धरली आहे का? प्रवाशाला घ्यायला रिकामी जाते तेव्हाही गाडी झिजतेच. विकायला काढाल त्या दिवशी गिऱ्हाईक आधी किलोमीटर बघेल आणि मग भाव सांगेल. तुम्ही घरी आणता त्या पैशातला एक हिस्सा वडिलांची गाडीच आहे, थोडी थोडी करून विकलेली.

आज गाडी काढू नका. अ‍ॅप बंद करा, बायकोला शेजारी बसवा आणि वडिलांना फोन लावा. एवढंच बोला: 'बाबा, मला पगारात भागत नाही. सहा महिने तुमच्या गाडीवर टॅक्सी चालवतोय. तिला तुमच्याशी खोटं बोलायला मी लावलं.' तिसरं वाक्य गाळायचं नाही. ते तिला ऐकू जायला हवं, म्हणून तर तिला शेजारी बसवायचं.

वडील चिडतील. गाडी परत मागितली तर मुकाट्याने चावी द्या, त्यांची आहे. पण ते सगळ्यात जास्त दुखावतील ते पहिल्या वाक्याने, असं मला वाटतं. पोराला भागत नव्हतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, हे बापाला फार लागतं. ते ऐकायची तुमच्या मनाची तयारी नाही, म्हणूनच हे सहा महिने गेले असावेत. ऐका. हो म्हणाले तर विमा कंपनीला त्यांनीच विचारू दे की भाड्याच्या वापरासाठी काय लागेल, कारण पॉलिसी त्यांची आहे. तो जादा हप्ता आणि गाडीची झीज कमाईतून वजा करूनही हातात काही उरत असेल, तर खुशाल चालवा.

बायकोच्या गळी काय उतरवायचं ते त्यानंतर बघू. फोन ठेवल्यावर ती काय म्हणाली ते मला कळवा. पत्र तिनेच लिहिलं तर जास्त बरं.