टॉवेल कुणी मागायचा?

“मॅडम, एवढा खर्च करून फिरायला गेलो आणि टॉवेलावरून, चहावरून मन खट्टू करून परत आलो. आमचंच मन कोतं आहे का?”

सुट्ट्या संपून जून लागला, की सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न कुणी ना कुणी घेऊन येतंच. पूर्वी काश्मीर-केरळच्या सहली असायच्या, हल्ली त्यात क्रूझची भर पडली आहे. दर वेळी मी आधी एवढंच सांगते, की मन कोतं नाही. छोटी निराशाही खरीच असते. मात्र ती कशाची आहे, हे शोधायला थोडा वेळ लागतो. एका काका-काकूंची हकीकत त्यांच्या परवानगीनं, ओळखीचे तपशील बदलून सांगते.

काका 66 वर्षांचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर टॉवेल विणणाऱ्या कारखान्यात 37 वर्षं काढली, शेवटी सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. टॉवेल नुसता चिमटीत धरला तरी किती जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजनाचा आहे, ते सांगणार. लग्नाला 40 वर्षं झाली म्हणून पुण्याच्या मुलानं दोघांना मेच्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या पाच रात्रींच्या क्रूझवर पाठवलं. सोलापुरात पारा 43 च्या पुढे गेलेला, त्यात समुद्राची हवा. काका दोन महिने मोबाइलवर त्या जहाजाचे व्हिडिओ पाहत होते.

परत आले ते गप्पच. मुलानं विचारलं तर “बरं होतं” एवढंच. काकूंशी तीन आठवडे तुटक बोलणं. मुलगा दुखावला, काकू रडवेल्या झाल्या. “बीपी दाखवायला जाऊ” म्हणून काकूंनी त्यांना माझ्याकडे आणलं. हे मला आवडलं नाही आणि मी तसं सांगितलंही. माणसाला फसवून समुपदेशनाला आणू नये. पण काका उठून गेले नाहीत. बोलायचं त्यांच्याही मनात होतंच.

सुरुवात शेंगा चटणीपासून झाली. काकूंनी पाव किलो चटणी आणि कडक भाकऱ्या बांधून घेतल्या होत्या. घरचं खाणं जहाजावर नेता येत नाही, म्हणून तपासणीत ती पिशवी काढून घेतली. मग केबिनला खिडकीच नव्हती. मग लक्षद्वीप. तिथं जहाज लांब उभं राहतं आणि प्रवाशांना लहान होड्यांतून बेटावर नेतात. त्या दिवशी वारा होता, लाटा होत्या, कप्तानानं उतरणं रद्द केलं. शेवटच्या रात्री नियमाप्रमाणे बॅगा केबिनबाहेर ठेवल्या. त्या सकाळी बंदरावरच मिळतात. काकांच्या बीपीच्या गोळ्या त्या बॅगेत गेल्या.

आणि टॉवेल. तीन दिवस टॉवेल बदललाच नाही, हे सांगताना काकांचा आवाज चढला. “मी रोज व्यवस्थित घडी करून टांगलो की! आणि त्यो पोरगा येऊन, बिछाना करून, ओला टॉवेल तसाच ठेवून जायचा. आयुष्य गेलं हो माझं टॉवेलात.”

जहाजांवर, आणि आता बऱ्याच हॉटेलांतही, एक साधा नियम असतो. टांगलेला टॉवेल म्हणजे ‘अजून वापरणार आहे’, खाली टाकलेला म्हणजे ‘बदला’. बाथरूममध्ये छोटी पाटी असते. जहाजावर गोडं पाणी जपून वापरावं लागतं, बरंचसं समुद्राच्या पाण्यापासूनच बनवतात. जिथं नळाला रोज पाणी येत नाही त्या आपल्या गावात हे कारण कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणजे काका रोज नीटनेटकेपणानं टॉवेल टांगत होते, आणि त्या मुलाला रोज ‘नको’ असा निरोप जात होता.

मी विचारलं, “तुम्ही त्याला एकदा म्हणालात का, बाळा, दुसरा टॉवेल दे?”

“मी कशाला मागायचं? त्याला कळायला नको?”

तेवढ्यात काकू हळूच म्हणाल्या, “घरात त्यांना कधी मागावा लागला नाही ना.”

माझ्यासाठी सगळी गाठ त्या एका वाक्यात होती. 40 वर्षं काका आंघोळीला गेले, की दाराच्या कडीला कोरडा टॉवेल असतोच. चहा साडेसहाला. पंगतीत पाणी संपायच्या आत भरलेलं. मागायची वेळच आली नाही. त्यामुळे न मागता मिळालं तर ती माया आणि मागून मिळालं तर ती भीक, असं त्यांच्या मनात कधी पक्कं झालं ते त्यांनाही कळलं नाही. जहाजावरच्या त्या मुलाकडे पंधरा-वीस केबिन असतील. घरापासून लांब, महिनोन् महिने साप्ताहिक सुट्टीशिवाय काम. तो सेवा देत होता. काका त्याच्याकडे माया मागत होते, तीही न बोलता.

मी काकांना अकराही तक्रारी कागदावर लिहायला सांगितल्या. हो, अकरा निघाल्या. मग एकेकीपुढे खूण करायची: यात समुद्राचा किंवा कुणाचाच दोष नाही, की एका शब्दानं सुटलं असतं, की खरोखर कंपनीची चूक आहे. वारा आणि रद्द झालेलं बेट समुद्राच्या खात्यात गेलं. कप्तानानं माणसं बुडवण्याचा धोका पत्करला नाही, हे काकांनी स्वतःच मान्य केलं. टॉवेल, बेचव चहा, जेवणाच्या टेबलावरची जागा, जिन्याजवळचा गोंगाट, गोळ्यांची बॅग, असे सात मुद्दे ‘विचारलं असतं तर’मध्ये गेले. स्वागत कक्ष रात्रंदिवस उघडा असतो. पहिल्याच दिवशी सांगितलं, तर त्यांच्या हातात दुरुस्त करायला चार दिवस उरतात. शेवटच्या सकाळी सांगितलं तर फक्त ‘क्षमस्व’ मिळतं.

उरलेल्या दोन तक्रारी मात्र खऱ्या होत्या. एसीचा खडखडाट काकूंनी दोनदा कळवूनही दुरुस्त झाला नव्हता, आणि बिलात न घेतलेल्या जेवणाची रक्कम लागली होती. तिथं मी काकांना ‘सोडून द्या’ म्हटलं नाही. मनःशांतीच्या नावाखाली माणसांना अन्याय गिळायला लावणं मला पटत नाही. तारखा आणि बिलाचा फोटो जोडून कंपनीला ईमेल करायला सांगितलं. उत्तर नाही आलं तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. मुलानं मजकूर टाइप केला. त्या निमित्तानं बाप-लेक प्रथमच सहलीबद्दल मोकळेपणानं बोलले.

गोळ्यांच्या सकाळीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पाच दिवस कडू झाले ते तिच्यामुळे. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1993 चा एक प्रयोग आहे. लोकांनी एकदा 14 अंशांच्या थंड पाण्यात 60 सेकंद हात धरला. दुसऱ्यांदा तेच 60 सेकंद, आणि वर आणखी 30 सेकंद, ज्यात पाण्याचं तापमान हळूहळू 15 अंशांपर्यंत वाढत गेलं. पुन्हा कोणतं करायचं, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं, लांबलेलं निवडलं. त्रास जास्त वेळ होता, पण शेवट सुसह्य होता. आठवण शेवटाला धरून बसते. काकांच्या मनात शेवट होता तो बंदरावरच्या गर्दीत गोळ्या शोधण्याचा. त्याआधी गोव्याच्या किनाऱ्यावर दोघांनी खाल्लेला नारळ त्यांना आठवण करून दिल्यावर आठवला.

“आणि काकू, तुमची निराशा कोणती?” हे मी दुसऱ्या भेटीत विचारलं. खरं तर पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मला एकदा पहाटे डेकवर जाऊन सूर्य उगवताना बघायचा होता. ह्यांच्याबरोबर.”

काका चमकले. “मग सांगायचं नाहीस का?”

“तुम्हाला कळायला नको?”

दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. मी काही बोलले नाही.

पंधरा दिवसांसाठी एकच गोष्ट ठरवली. घरात काहीही न सांगता समजून घ्यायचं नाही. काकांनी टॉवेल तोंडानं मागायचा आणि काकूंनी रोज स्वतःसाठी एक गोष्ट मागायची. पहिले तीन दिवस काकूंना काही सुचेचना, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. चौथ्या दिवशी त्यांनी मागितलं: उद्या पहाटे सिद्धेश्वर तळ्यावर चला. काका गेले. अर्धा तास दोघं पाण्याकडे बघत बसले होते, एवढंच त्यांनी मला सांगितलं. त्यापुढचं मी विचारलं नाही.

तिसऱ्या भेटीत निघताना काका दारात थांबले. मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा पाठवतो म्हणतोय, म्हणाले. मी म्हटलं, “मग या वेळी ओला टॉवेल खाली टाकायचा, लक्षात आहे ना?”

काकांनी मान हलवली. “ते नाही जमायचं मॅडम. विणलेली वस्तू पायाशी टाकवत नाही मला. त्या पोराला बोलावून मागून घेईन.”