‘पायथॉन स्लो आहे हो’ आणि इतर प्रश्न

पत्रं वेगवेगळ्या गावांतून येतात, तक्रार तीच: पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा स्लो आहे. कुठे स्लो, किती स्लो, हे कुणी लिहीत नाही. म्हणून आज त्या एका प्रश्नाला जागा जास्त दिली आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : नुकती सुरुवात करतेय. पायथॉन २ शिकू की ३? (सातारा)

३. पायथॉन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० रोजी संपला. क्लासमध्ये अजून २ शिकवत असतील तर फी परत मागा.

प्रश्न : कोड लिहायला एडिटर कोणता, व्हीएस कोड चांगला की पायचार्म?

टीममधले बाकीचे वापरतात तो. त्यातला डीबगर (कोड ओळीओळीने थांबवून चूक शोधायचं टूल) मात्र शिका.

प्रश्न : नव्या उबंटू लिनक्सवर पिप (पायथॉनची पॅकेजेस टाकायचं टूल) चालेना, ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा एरर येतो. मित्राने कमांडला एक फ्लॅग (जादा पर्याय) लावायला सांगितला, लगेच चाललं. काही धोका? (सोलापूर)

त्या फ्लॅगचं नावच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ आहे. आणखी किती स्पष्ट लिहायचं? उबंटूची स्वतःची काही टूल्स त्याच सिस्टिम पायथॉनवर चालतात. त्यात भलत्याच व्हर्जनची लायब्ररी घुसली की कधीतरी काहीतरी बंद पडतं, आणि तेव्हा तो मित्र फोन उचलत नाही. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरता स्वतंत्र पायथॉन) करा, पॅकेजेस त्यातच टाका. मशीन ऑफिसचं असेल तर काय केलंत ते ॲडमिनला आजच सांगा.

प्रश्न : तीन लाख ग्राहकांच्या सीएसव्ही फाइलीतून बंद खाती वगळायची आहेत. बंद खात्यांचे एक लाख नंबर लिस्टमध्ये आहेत. स्क्रिप्टला वीस मिनिटं लागतात. आठ थ्रेड (एकाच प्रोग्रॅममधली समांतर कामं) लावले, फरक शून्य. सीनियर म्हणतात, पायथॉन स्लोच असतं, रस्ट या वेगवान भाषेत लिहू. रस्टची सुरुवात कुठून करू? (नाशिक)

रस्ट जरूर शिका, पण या कामासाठी नको.

तुमच्या पत्रात वीस मिनिटं आहेत, आठ थ्रेड आहेत, सीनियरांचं मत आहे. वेळ नेमका कुठे जातो, एवढंच नाही. हेच मी सतत बघतो. लोक आधी भाषा बदलतात, मग सर्व्हर मोठा घेतात, मग क्लाउडचं बिल बघून हबकतात. मोजत मात्र कुणी नाही. मोजायला पैसे पडत नाहीत. ‘सीप्रोफाइल’ हा वेळ मोजणारा प्रोफाइलर पायथॉनसोबतच येतो. स्क्रिप्ट त्याच्यातून चालवा आणि ‘क्यूमटाइम’वर (फंक्शनचा आतल्या कॉल्ससकट एकूण वेळ) सॉर्ट करा. खोच एकच: तो फंक्शननिहाय वेळ देतो, ओळीनिहाय नाही. सगळं ‘मेन’मध्ये कोंबलं असेल तर ‘मेनला वीस मिनिटं’ एवढाच साक्षात्कार होईल. म्हणून वाचणं, तपासणं आणि लिहिणं यांची तीन फंक्शनं करा, आणि आधी दहा हजार ओळींवर चालवून बघा.

माझा अंदाज सांगतो, पण तो मोजूनच खरा धरा. वेळ तपासण्यात जात असणार. लिस्टवर ‘इन’ (हे यादीत आहे का, ही तपासणी) लावलं की पायथॉन दर वेळी पहिल्यापासून शोधतो, म्हणजे मतदार यादीत प्रत्येक नावासाठी पुन्हा पान एकपासून सुरुवात. तीन लाख गुणिले एक लाख, म्हणजे ३००० कोटी तुलनांपर्यंत मजल जाते. रस्टमध्येही असंच लिहिलंत तर त्यालाही तेवढ्याच कराव्या लागतील, फक्त तो त्या भराभर करेल. लूप सुरू होण्याआधी त्या लिस्टचा एकदाच ‘सेट’ करा. एक ओळ. सेट हॅशवरून (मूल्यातून काढलेल्या आकड्यावरून) थेट जागेवर जातो, त्यामुळे यादी लांबली तरी शोधायला साधारण तेवढाच वेळ लागतो. काम सेकंदांत आटपायला हवं. सेट लूपच्या आत केलात तर मात्र तीन लाख वेळा तयार होईल. असा कोड मी पाहिला आहे.

थ्रेडने फरक पडला नाही, कारण नेहमीच्या पायथॉनमध्ये जीआयएल (ग्लोबल इंटरप्रिटर लॉक) एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉन कोड चालवू देतो. नेटवर्कची वाट बघण्याच्या कामात थ्रेड उपयोगी. निव्वळ आकडेमोडीला मल्टिप्रोसेसिंग, म्हणजे अनेक वेगळ्या प्रोसेस.

जुन्या आणि नव्या स्क्रिप्टचं आउटपुट ताडून बघा. खाते क्रमांक एकीकडे स्ट्रिंग (मजकूर), दुसरीकडे इंटिजर (पूर्णांक) असेल तर काहीच जुळणार नाही, आणि बंद खाती गुपचूप यादीत राहतील. ग्राहकांचा डेटा आहे, तेव्हा सीनियरांकडून रिव्ह्यू करून घ्या. त्यांना प्रोफाइलचं आउटपुट दाखवा, माझं उत्तर नको.

प्रश्न : जीआयएल आता काढून टाकला ना? यूट्यूबवर ऐकलं.

नाही. पायथॉन ३.१३ मध्ये, ऑक्टोबर २०२४ ला, जीआयएल नसलेलं वेगळं बिल्ड प्रायोगिक म्हणून आलं. ३.१४ मध्ये त्याला अधिकृत सपोर्ट मिळाला, तरी ते ऐच्छिकच आहे. त्यासाठी तयार नसलेलं एखादं सी एक्स्टेन्शन (सी भाषेत लिहिलेलं मॉड्यूल) इम्पोर्ट केलंत की जीआयएल पुन्हा चालू होतो. तुमच्या लायब्रऱ्यांचं डॉक्युमेंटेशन आधी वाचा.

प्रश्न : पायथॉनचा तीन महिन्यांचा कोर्स, ८० हजार फी, ‘१०० टक्के प्लेसमेंट’. आज भरले तर सूट आहे. घेऊ का? (पुणे)

आज भरू नका. सूट उद्याही असते. ‘प्लेसमेंट’ म्हणजे नोकरी की नुसती ‘असिस्टन्स’, हे लेखी मागा. जाहिरातीत फोटो नसलेल्या दोन माजी विद्यार्थ्यांशी बोला. भाषेचं अधिकृत ट्यूटोरियल फुकट आहे. ते संपवा, गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळायला) आणि एसक्यूएल (डेटाबेससाठी) शिका, ट्रेसबॅक (एररचा तपशील) खालून वर वाचायची सवय लावा, स्वतःच्या कोडला पायटेस्ट या टूलने टेस्ट लिहा. तरीही क्लास हवाच असेल आणि फी कर्ज काढून भरणार असाल, तर सही करण्याआधी घरच्यांना कागद दाखवा.

प्रश्न : आमचा सर्व्हर पायथॉन ३.८ वर आहे. चालतंय, तर हात कशाला लावायचा?

३.८ चे सिक्युरिटी फिक्स ऑक्टोबर २०२४ मध्येच थांबले. पाच वर्षं मिळाली होती. वेगाचं म्हणाल तर ३.१० वरून ३.११ वर जातानाच अधिकृत बेंचमार्कमध्ये सरासरी २५ टक्के वाढ दिसली, कोडला हात न लावता. तुमचा आकडा वेगळा येईल, मोजा. थेट प्रॉडक्शनवर (प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर) मात्र काही करू नका. आधी टेस्ट किती आहेत ते बघा. नसतील तर पहिलं काम ते. मग सर्व्हर सांभाळणाऱ्यांबरोबर बसून कॅलेंडरवर तारीख टाका. ‘पुढच्या क्वार्टरला बघू’ ही तारीख नव्हे.