युरोपात ॲप विकताय? आधी व्हॅट बघा
जीएसटीतल्या २० लाखांसारखी सूट तिथे मिळेल असं धरून चालू नका. पुण्यात बसून युरोपीय संघातल्या घरगुती ग्राहकाला ॲप विकलंत तर पहिल्याच विक्रीपासून व्हॅट लागतो, तोही ग्राहकाच्या देशाच्या दराने: जर्मनीत १९ टक्के, हंगेरीत २७. मात्र संघातल्या २७ देशांत वेगवेगळ्या नोंदणीची गरज नाही. ‘वन स्टॉप शॉप’ या एकखिडकी व्यवस्थेच्या नॉन-युनियन, म्हणजे संघाबाहेरच्या विक्रेत्यांसाठीच्या, योजनेत एकाच देशात नोंदणी करा. विवरणपत्र तिमाहीचं, पुढच्या महिनाअखेरपर्यंत. विक्री शून्य असली तरी भरायचंच, बरेच जण इथेच चुकतात. ग्राहकाच्या देशाचे दोन जुळणारे पुरावे, म्हणजे बिलाचा पत्ता आणि आयपी, चेकआउटलाच साठवा. नोंदी १० वर्षं लागतात. आणि न्यूजलेटरच्या चौकोनात आधीच टिक मारून ठेवू नका, ती संमती धरली जात नाही.